डाव्या पायाची थंडी

वालाच्या शेतावर दव पडायला लागलं की मला माळ्यावर चढावं लागतं. माळ्यावर हीटर आहे. जुन्या साडीत गुंडाळून, वरून सुतळी बांधून ठेवलेला. यंदा शिडीवर पाय जरा जपूनच टाकले. गाठ सोडवताना बोटं वळेनात म्हणून ती तोंडाकडे नेली, तर खालून आवाज आला, "अवो, दातानं नका सोडू. हायेत तेवढे तरी र्‍हाऊ द्या."

ही विमल, माझी बायको. डावा हात आणि डावा पाय तिच्या कामातून गेलेत, पण जिभेची धार गेलेली नाही. जीभ थोडी जड झाली, एवढंच. खुर्चीत बसल्या बसल्या तिला माळ्यावरचंही दिसतं.

आमच्या खालापूरकडे थंडी पडते हे शहरातल्या लोकांना फार आवडतं. शनिवार-रविवार फार्महाऊसवर येतात, अंगणात लाकडं पेटवतात आणि तिला गुलाबी म्हणतात. रंग कुणी बघितला कोण जाणे. घाटावरून सूर्य मावळता मावळता ती खाली उतरते, भातकापणी झालेल्या रिकाम्या शेतांवर पसरते आणि सकाळी वालाच्या वेलांवर पाणी होऊन बसते. वालाला दव लागतं, त्याशिवाय शेंग भरत नाही. एकाचं ज्यावर पोट भरतं त्यावर दुसऱ्याचं अंग आखडतं, त्याला वालाचा काय इलाज.

मी एसटीत कंडक्टर होतो. खोपोली स्टँडवरून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीवर किती हिवाळे काढले. ड्रायव्हर मफलर बांधून वेड्यासारखा गाडी चालू करायचा, ती खोकायची आणि बंद पडायची. मग आम्ही चार पॅसेंजरांना खाली उतरवून धक्का मारायला लावायचो. स्टँडच्या मागं कागद-पुठ्ठे पेटवून हमाल बसलेले असायचे, त्यांच्यात हात शेकून मी पुन्हा तिकिटं फाडायला उभा. म्हणजे थंडी मला नवीन नाही. पण थंडी एकाच पायात येऊन बसते, आणि तीही दुसऱ्याच्या, हे मात्र मला रिटायर झाल्यावर कळलं.

दिवाळी नुकती उतरली होती. विमल अंगणात तांब्याने तुळशीच्या शेजारच्या मोगऱ्याला पाणी घालत होती. तांब्या पडल्याचा आवाज आला. मी आतून म्हणालो, "हळू गं, पोचा येईल." उत्तर आलं नाही. विमलकडून उत्तर आलं नाही असं आमच्या संसारात कधी झालं नव्हतं, म्हणून मी बाहेर आलो. ती खाली बसली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि आपल्याच डाव्या हाताकडे परक्या बाईचा हात मांडीवर येऊन पडावा तशी बघत होती.

पनवेलचा दवाखाना, सलाईन, मशीन, लेकीची धावपळ हे सगळं झालं. सुजाता, आमची एकुलती लेक, पनवेललाच असते. तिच्यामुळे विमल जिवंत घरी आली. डॉक्टरांनी सांगितलं मेंदूत रक्ताची गाठ. गावानं सांगितलं, अंगावरून वारं गेलं. दोन्ही ऐकून घेतलं. पण गाठ दिसत नव्हती, आणि वारं तर रोज संध्याकाळी घाटावरून येताना दिसत होतं. शेजारच्या बबनची आई येऊन म्हणाली, "वारं गेल्यालं माणूस हाय, खिडक्या लावून घ्या. पुन्यांदा शिरलं तर काय करशीला?" मी त्याच दिवशी खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या. दाराखाली पोतं लावलं. वाऱ्याचा मी चांगलाच बंदोबस्त केला होता.

आणि तरी तो पाय गार. उजवा पाय माणसासारखा, आणि डावा न्हाणीत ठेवलेल्या पितळी भांड्यासारखा. मोजे घातले, गोधडी घातली, दोन्ही तळहातांत धरून बसलो, माझे हात गार व्हायचे पण तिचा पाय ऊन व्हायचा नाही. मला वाटायचं, हा ऊन झाला की जागा होईल. कुठल्याही डॉक्टरनं मला असं सांगितलं नव्हतं. उलट खोपोलीहून व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, ती पहिल्याच दिवशी बजावून गेली होती, "काका, ह्या पायाला शेक द्यायचा नाही. गरम पाण्याची पिशवी नाही, काही नाही. त्यांना कळत नाही ना, भाजेल." मी मान हलवली. पण आपल्याकडे शेकाशिवाय काय होतं? पोर जन्मलं की शेक, बाळंतिणीला शेक, लचक भरली शेक, कान दुखला शेक, आणि सगळं संपल्यावर तर अग्नीच. ती पोरगी शिकलेली होती, पण ती गार पाय हातात धरून बसत नव्हती.

मी सकाळ-संध्याकाळ विचारायचो. अंगठा दाबून, चावीचं टोक लावून, कंगवा फिरवून.

"लागतंय का?"

"नाय."

"आत्ता?"

"नाय वो."

तिकिटं काढताना 'कुठं?' विचारायची जशी सवय होती तशी ही सवय झाली. फरक एवढाच की तिथं प्रत्येक जण कुठलं ना कुठलं गाव सांगायचा. इथं रोज एकच उत्तर. ते ऐकून मी हसायचो, म्हणायचो, "आज नाही तर उद्या." आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहायचो. मी रडत होतो हे तिला कळू नये म्हणून पाणी वाया घालवत होतो. तिला कळत होतं.

शेवटी हीटर आणायचा ठरवलं. खोपोलीच्या बाजारात गेलो. दुकानदारानं तीन प्रकार काढून ठेवले. एक पंख्यासारखा, गरम हवा फेकणारा. त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. अंगावरून वारं गेलेल्या बाईवर मशीन लावून आणखी वारं सोडायचं? दुसरा तेलाचा. पांढऱ्या पत्र्याच्या उभ्या पट्ट्या, आत तेल, खाली चाकं. दुकानदार म्हणाला, "काका, आजारी माणसाला हाच चांगला. उघडी तार नाय, लाल व्हत नाय, ठराविक गरम झाला की आपोआप बंद. हळूहळू खोली गरम करतो." मी हात लावून बघितला. तेल दिसेना, आग दिसेना, गरम व्हायलाही वेळ. ज्याच्यात निखारा दिसत नाही ती कसली शेगडी? तिसरा होता रॉडचा. बटण दाबलं की दोन कांड्या लालभडक. मागं चकचकीत पत्रा, ऊब सरळ तोंडावर. मला तोच पाहिजे होता. माझ्या डोळ्यांना धग दिसायला हवी होती.

दुकानदार चांगला होता बिचारा. बांधून देताना सांगत राहिला, "मोठ्या पिनच्या सॉकेटातच लावा. एक्स्टेंशनच्या बोर्डावर नको, वायर तापते. माणसापासून, गादीपासून तीन हात लांब. वर कपडे वाळत घालू नका. झोपताना बंद. आणि खिडकी जराशी उघडी असू द्या." मी ते सगळं ऐकलं, जसं पॅसेंजर 'दारात उभे राहू नका' ऐकतात.

पण सगळंच वाऱ्यावर सोडलं असंही नाही. वायरमन बोलावून पलंगाजवळ मोठ्या पिनचा नवा पॉइंट काढून घेतला. हीटर लावला की लाइट जायची. खोपोलीला डोंगरावरून पाणी सोडून वीज करतात, ती वीज आमच्या डोक्यावरून कुठं कुठं जाते, आणि आमच्या घरात मात्र दिवा मालवलेला. विमल अंधारात म्हणायची, "तुमचा हीटर बघून पळाली." मग लाइट आली की कांड्या पुन्हा हळूहळू लाल व्हायच्या आणि मी खुर्ची ओढून तिच्या पायापाशी बसायचो. सगळी खोली कोंदट, ओठ फुटलेले, डोकं जड. सुजाता एका रविवारी आली, दारातच थबकली आणि पहिल्यांदा खिडकीतल्या चिंध्या ओढून काढल्या.

"बाबा, इथं श्वास घ्यायला हवा कुठाय? आईला बरं करताय की कोंडून घालताय?"

"वारं येतं."

"येऊ द्या की! वाऱ्यानं नाही झालं तिला, किती वेळा सांगायचं? आणि हा एवढा जवळ का ठेवलाय?"

तिनं हीटर लांब सरकवला. ती परत गेल्यावर मी तो पहिल्या जागेवर आणला. चिंध्या मात्र पुन्हा कोंबल्या नाहीत, एवढी लेकीची भीती होती.

जानेवारीत आमच्याकडे पोपटीचे दिवस येतात. शेतात भांबुर्ड्याचा पाला वाढलेला असतो, वालाच्या शेंगा भरलेल्या असतात. मडक्यात तळाला पाला, मग शेंगा, ओवा, मीठ, पुन्हा पाला, आणि मडकं जमिनीवर उपडं घालून भोवती पेंढा-लाकडं पेटवायची. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही, शेंगा आपल्याच वाफेत शिजतात. झाली की नाही हे बघायला कुणी मडकं उचलत नाही. मडक्यावर पाण्याचा हात मारायचा. चुर्र आवाज झाला की झाली. विमलला पोपटी जीव की प्राण. दरवर्षी पाण्याचा हात तीच मारायची, आणि तिचा अंदाज चुकला असं झालं नाही.

त्या संध्याकाळी बबननं मागच्या शेतात पोपटी लावली होती. धूर आमच्या खिडकीतून आत येत होता. विमल खुर्चीत बसली होती, उजवा पाय पोटाशी घेऊन गोधडीत, आणि डावा समोरच्या स्टुलावर, हीटरकडे तळवा करून. मी वाकून नेहमीसारखं विचारलं, खरं तर उत्तराची वाटही न बघता.

"लागतंय का?"

ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "लागतंय."

मी खाली बसलो. "काय म्हणालीस?"

"लागतंय म्हनलं. ऊन ऊन लागतंय."

"कुठं?"

"तळव्याला."

काय झालं मला सांगता येत नाही. मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, तिच्यापुढं हात जोडले, पुन्हा येऊन विचारलं, पुन्हा ती 'लागतंय' म्हणाली. मी हीटर हातभर पुढं ओढला. "आता?" "आता बरं हाय," ती म्हणाली. आणि हसली. तिरकं हसू, पण तेव्हा मला ते सरळच दिसलं.

"मी बबनला सांगून येतो. पोपटीही घेऊन येतो तुला."

"जावा की. मी कुठं पळतेय?"

शेतात मी सगळ्यांना ओरडून सांगितलं. बबनच्या आईनं कपाळाला हात लावून कुणाकुणाचे आभार मानले. बबन म्हणाला, "काका, आज मडक्यावर पान्याचा हात तुमी मारा, काकीच्या वाटचा." मी मारला. चुर्र झालं. मडकं उलटलं, वाफ तोंडावर आली, पोरंटोरं शेंगांवर तुटून पडली. मी कागदात तिच्यासाठी ऊन ऊन शेंगा बांधून घेतल्या. बांधावर बबनच्या आईनं धरून ठेवलं, सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि मीही ते चवीनं सांगितलं. एवढ्या दिवसांनी सांगण्यासारखं काही हातात आलं होतं.

घरात शिरलो तेव्हा करपल्याचा वास येत होता. माझ्या अंगालाही धुराचाच वास, म्हणून आधी कळलं नाही. मग दिसलं. मोज्याची कड तपकिरी होऊन वितळली होती. मी मोजा ओढला तर त्याच्याबरोबर टाचेची कातडी आली. विमल शांत बसली होती. माझ्या हातातल्या पुडीकडे बघत म्हणाली, "आनली व्हय शेंगा? मला वाटलं वास येतोय तो पोपटीचाच."

मी हीटरची पिन उपटली, पाय बादलीत धरून गार पाणी ओतत राहिलो, आणि ओरडत होतो. तिच्यावर. "लागतंय म्हणालीस ना? लागत होतं ना तुला? मग बोलली का नाहीस?"

"नव्हतं लागत."

"काय?"

"कायपन लागत नव्हतं." तिनं पाण्यातल्या पायाकडे बघितलं. "तुमी रोज इचारता. रोज नाय म्हनायचं आनि रोज तुमचं तोंड बघायचं. नाय बघवत वो. एक दिवस म्हनलं, असू दे. एक दिवस हसू दे मानसाला."

मी पाणी ओतत होतो. माझ्या हातात तांब्या होता, तोच, पोचा पडलेला.

त्यानंतरचे महिने मला सलग आठवत नाहीत. पट्ट्या आठवतात. निर्जीव पायाची जखम लवकर भरत नाही हे तेव्हा शिकलो. डॉक्टर पट्टी सोडायचे आणि काही बोलायचे नाहीत, त्या न बोलण्याची मला फार भीती वाटायची. एकदा ते सुजाताला बाजूला घेऊन गेले. ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते; पाय ठेवता येईल की नाही ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले होते. त्या दिवशी रिक्षात विमल म्हणाली, "कापला तर कापला. तसाबी नुसता वझं हाय." आणि मग खालापूर येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. मी रिक्षाबाहेर बघत मनात सौदे करत होतो. नको कळू दे त्याला काही, गार राहू दे, मेलेला राहू दे, पण तिच्या अंगाला राहू दे. आधी त्या पायाकडून मी केवढं मागत होतो, आणि आता केवढ्यावर आलो होतो.

पळस फुलला तेव्हा जखम भरली. पाय राहिला. टाचेवर गुळगुळीत, गुलाबीसर डाग राहिला. गुलाबी थंडी कुणी म्हटलं की मला तो दिसतो. जाणीव मात्र आली नाही, आजतागायत नाही.

रॉडचा हीटर सुजाता घेऊन गेली, त्याचं काय केलं मी विचारलं नाही. पुढच्या दिवाळीला तिनं तेलाचा आणून दिला, तोच हा, माळ्यावरचा. सोबत नियम दिले. खिडकी बोटभर उघडी. हीटर पलंगापासून लांब. खोली ऊन झाली की बंद, आणि पायाला ऊब द्यायची ती लोकरीच्या मोज्याची. आईला एकटीला सोडून जायचं नाही. मी सगळे पाळतो. पण एक नियम मी माझा घातला. हीटर लावला की मी खुर्ची विमलच्या खुर्चीला लावून बसायचो आणि माझा पाय तिच्या डाव्या पायाशेजारी ठेवायचो. माझ्या पायाला जास्त वाटलं की दोन्ही पाय मागं. तिला मी काही विचारत नसे. तिच्या 'लागतंय'वर माझा विश्वास उरला नव्हता, हे खरं आहे, आणि ते तिलाही माहीत होतं. ती चिडवायची, "कंडक्टर हायेत, दुसऱ्याच्या सीटवर पाय ठेवून बसतात." पण माझ्या पायाशेजारचा आपला पाय ती बघत राहायची.

असे हिवाळे गेले.

यंदा पावसाळ्यात मी फाट्यावरून दूध घेऊन येत होतो. बबननं मागून हाक मारली, "काका, चप्पल मागं र्‍हायली की तुमची!" बघितलं तर एक पाय अनवाणी. चिखलातून, खडीवरून किती तरी चालत आलो होतो. घरी येऊन तळव्यातला काटा काढला, तो कधी रुतला ते ठाऊक नाही. साखर तर बऱ्याच वर्षांची आहे, गोळ्या घेतो. डॉक्टरांनी तळव्यांना दोरा लावून बघितला, डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, "लागतंय का?"

मला हसू आलं. त्यांना वाटलं गुदगुल्या झाल्या. दोन्ही तळव्यांना काहीच लागत नव्हतं.

विमलला सांगितलं नाही. कसं सांगणार?

काल संध्याकाळी हीटर पुसला, चाकांवरून ओढत आणला, मोठ्या पिनच्या पॉइंटाला लावला. बाहेर वालावर दव उतरायला लागलं होतं. खिडकी बोटभर उघडी ठेवली. खुर्चीला खुर्ची लावली आणि माझा पाय तिच्या पायाशेजारी ठेवला. दोघांचे पाय एका ओळीत, जणू एकाच गाडीची वाट बघत बसलेत. हीटर टिकटिक करत तापत होता. मला काही कळत नव्हतं. मी पाय थोडा पुढं सरकवला. तरी नाही.

विमलनं मान वळवली. "लागतंय का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिनं मला पहिल्यांदा विचारला. मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा असा होता की ज्याला 'नाही' म्हणवत नाही. ओठांवर 'लागतंय' आलंच होतं. किती सोपा शब्द. त्या संध्याकाळी तो तिच्या तोंडून कसा निघाला असेल हे मला काल कळलं, आणि एवढ्या वर्षांत मनात कुठं तरी ठेवलेला राग काल गेला.

"नाय गं," मी म्हणालो. "नाय लागत."

हीटरची टिकटिक थांबली, तो आपला आपण बंद झाला होता. बाहेरून बबनच्या आईचा खोकला ऐकू आला.

"कधीपास्नं?"

"पावसापास्नं."

"आनि मला आत्ता सांगताय."

तिनं डोळ्याला पदर लावला, मग तोच पदर झटकला. गोधडी बाजूला केली. पोटाशी घेतलेला उजवा पाय खाली सोडला आणि आमच्या दोन पायांच्या मध्ये, जरा पुढं, ठेवला. तो एकच पाय आता आमच्यात शहाणा होता.

"वाईच लांब सारा," ती म्हणाली. मी हीटर सरकवला. "आजून." मी आणखी सरकवला. तिनं डोळे मिटून घेतले, मडक्यावर पाण्याचा हात मारून कान लावायची तशी.

"हां. हितं बरं हाय. आता तरी इस्वास ठेवा माझ्यावर."

मी हीटर तिथंच ठेवला.